एकमेकांना काढणारे हात

शिसपेन्सिल तासल्याचा वास आला की नव्वदच्या दशकातली एक सकाळ आठवते. बाबा ओझरला विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मी कॉलेजातून एका गाजलेल्या चित्राची प्रत आणून आमच्या नाशिकच्या घरात भिंतीला लावली होती: दोन हात, पेन्सिलीनं एकमेकांची बाही काढणारे. बाबा बघून चिडलेच. "पण आधी कुठला हात काढला? ड्रॉइंग काढणारा म्हणून सही कोणाची घ्यायची?" कंपनीची बस सुटायची वेळ झाली तरी हलेनात. आई रोजच्यासारखं त्यांच्या बाहीचं बटण लावत म्हणाली, "दोघांची घ्या आणि निघा." आता आईची बोटं वळत नाहीत. तिच्या स्वेटरची बटणं बाबा लावतात. सही कोणाची, ते काही विचारत नाहीत.