काकांच्या ट्रॉलीचा मालडबा झाला

माझ्या बहिणीच्या साखरपुड्याला निघालेली आमची अख्खी भावकी रेल्वेचा माल चोरल्याच्या संशयावरून फाटकात अडवली गेली. चोरी कुणीच केली नव्हती. मी फक्त अक्षरं अचूक काढली होती.

मला पुठ्ठ्याचे मालडबे बनवायचा नाद आहे. डबा वीतभर, पण त्यावरची अक्षरं खऱ्या डब्यासारखीच पाहिजेत हा माझा हट्ट. कुठलंही काम अभ्यास करूनच करायचं, असं आमच्या गुरुजींनी शिकवलं होतं. (तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा तलाठ्याची परीक्षा असावी.) म्हणून मी तीन रविवार मालधक्क्याच्या कुंपणाबाहेर वही घेऊन उभा राहिलो आणि एका डब्यावरचं सगळं उतरवून घेतलं : रेल्वेचं नाव, अकरा आकडी नंबर, रिकाम्या डब्याचं वजन, मागच्या दुरुस्तीची तारीख. दोन अक्षरांमधली जागासुद्धा कुंपणाच्या तारा मोजून टिपली!

अडचण एकच होती. वीतभर डब्यावर एवढी बारीक अक्षरं हातानं जमेनात. मग मला उपाय सुचला. आधी खऱ्या मापात लिहायचं, समोरून फोटो काढायचा, तो लहान करून छापायचा आणि चिकटवायचा. त्यासाठी मोठा, सपाट, तांबूस रंगाचा पत्रा हवा होता. असा पत्रा आमच्या गावात एकच : भगवानकाकांच्या ट्रॅक्टरच्या नव्या ट्रॉलीचा फाळका.

काका म्हणाले, "लिही की. पर पुसशील ना?"

"लगेच पुसतो!"

आणि मी पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं. (चुन्याची अक्षरं अचूक येत नाहीत.) फोटो झकास आला. पुसायला गेलो तर रॉकेलनं हात तेवढे स्वच्छ झाले. ट्रॉली होती तशीच राहिली.

चार दिवसांनी सुजाताचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. तिनं स्वतः पसंत केलेलं हे पहिलंच स्थळ. मुलाकडची माणसं भूमहून येऊन धाराशिवच्या हॉलवर अकराला हजर राहणार होती. मुलाच्या वडलांनी आधीच बजावलं होतं, "आमच्याकडं वेळ म्हंजी वेळ." आम्ही तीस जण नटूनथटून ट्रॉलीत बसलो, बायका गादीवर, पुरुष कडेला. रेल्वे फाटकाशी आलो आणि फाटकवाल्यानं ट्रॉलीकडं बघितलं. मग वाकून बघितलं. मग गाडी नसताना फाटक पाडलं.

"ह्यो डबा कुठनं आणला?"

"डबा न्हाय, ट्रॉली हाय," काका म्हणाले.

"मंग नाव रेल्वेचं कामून?"

पाच मिनिटांत फटफटीवरून रेल्वे पोलिसांचे एक साहेब आले. त्यांनी फाळक्यावरून बोट फिरवलं. "अक्षर तर आमचंच आहे. कुठल्या डब्याचा पत्रा कापलाय, खरं बोला."

खरं सांगतो, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो अभिमान!

"साहेब, ते मी लिहिलंय," मी पुढं झालो. "पुठ्ठ्याच्या डब्यासाठी."

"पुठ्ठ्याच्या डब्यासाठी लोखंडाच्या ट्रॉलीवर?"

ट्रॉलीतनं आत्या ओरडली, "साहेब, तो लहानपणापासनं असाच हाय! त्याला ठिवा, आमाला सोडा!"

काकांचा फोन वाजला. मुलाचे वडील. "कुठवर आलाव?" काका घाम पुसत म्हणाले, "आलोच, फाटकात हावोत!" तेवढ्यात साहेबांनीही कुणाला तरी फोन लावून नंबर सांगितला. पलीकडून उत्तर आलं आणि त्यांचा चेहरा सैल पडला.

"या नंबरचा डबा आत्ता सिमेंट घेऊन नागपूरकडं चाललाय. म्हणजे तुमचा नंबर बोगस. काहीतरी चुकीचं खरडलंय पोरानं. जाऊ द्या यांना."

ट्रॉलीत आनंदीआनंद झाला. फाटकवाल्यानं दांड्याला हात घातला. काकांनी ट्रॅक्टर चालू केला. सुजातानं डोळे पुसले.

आणि मी म्हणालो, "चुकीचं कसं काय, साहेब?"

फाटकवाल्यानं दांड्यावरचा हात काढून घेतला.

"शेवटचा आकडा आधीच्या दहा आकड्यांवरून काढावा लागतो," मी वही उघडली. "मी तीनदा ताळा केलाय. करून दाखवू?"

"म्हणजे नंबर खरा आहे?"

"शंभर टक्के!"

"म्हणजे रेल्वेचा खरा नंबर तुम्ही जाणूनबुजून खासगी ट्रॉलीवर टाकला." साहेबांनी फटफटीची किल्ली परत खिशात घातली. "ट्रॅक्टर बंद करा."

तेव्हा भरजरी साडीतली सुजाता चाकावर पाय देऊन खाली उतरली. ती माझ्याशी कधी वर मान करून बोलली नव्हती. "दादा, आकडा चूक हाय म्हण."

"अगं, पण—"

"चूक हाय म्हण, न्हाय तर मी हितंच रुळावर बसते आन् पुढचं स्थळ तूच पुठ्ठ्याचं बनव!"

मी म्हणालो. हळू आवाजात, पण म्हणालो. साहेबांना ते ऐकू आलं, पण त्यांना लेखी हवं होतं. माझ्याच वहीचं पान फाडून त्यांनी मजकूर सांगितला, मी सुवाच्य अक्षरात उतरवला, वर साहेबांनी काकांकडून ट्रॉली रंगवायची हमी घेतली आणि फाटक उघडलं.

आम्ही दीड तास उशिरा पोचलो. मुलाचे वडील दारातच घड्याळ धरून उभे होते. काही बोलायच्या आत सुजातानं त्यांच्या पाया पडून सगळं खरं सांगून टाकलं. ते ट्रॉलीपाशी गेले, फाळका वाचला, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "पोरगी हुशार हाय. पोरीलाच न्यायचंय, भावाला न्हाय. चला, वाजवा!" साखरपुडा झाला. जेवताना मला जिलेबी दोनदा वाढली, पण कुणी बोललं मात्र नाही.

आमच्या आजोबांनी आणि बापानं जन्मभर सरकारी कागदावर अंगठे उठवले. त्यांनी हमाली करून मला पदवीपर्यंत शिकवलं, ते घरात एक तरी सही करणारा असावा म्हणून. आणि सरकारी माणसापुढं घराण्यातली पहिली सही मी केली ती या वाक्याखाली : 'सदर मजकूर मी लिहिला असून त्यातले मला काहीही कळत नाही.'