तोर्गेइरचं निळं नाक

सुन्निवाने पुढे राजधानीतल्या भल्याभल्यांची चित्रं काढली, पण तिची खरी परीक्षा गावातच झाली. पॅरिसहून चित्रकला शिकून आल्यावर तिने जहाजांना वाट दाखवणारा म्हातारा तोर्गेइर रंगवला. गावाला पटलं तर ते चित्र खलाशांच्या सभागृहात टांगायचं. नाहीतर सुन्निवाने बापाच्या कारखान्यात होड्या रंगवायच्या, असं ठरलं होतं.

सुकवलेला मासा पारखावा तसं सगळं गाव सभागृहात चित्राला नाक लावून उभं राहिलं.

"याचं नाक निळं का गं, पोरी?" म्हाताऱ्या कोळी ओड्वारने विचारलं. "आणि दाढीत हिरवं काय, शेवाळ?"

"काका, सुकट नाही ती. समुद्रातली होडी ओळखता, तसं लांबून बघा."

कोणी हललं नाही. बाप एलर्ट मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात तोर्गेइरची बायको बेरित कॉफीची किटली घेऊन आली आणि गर्दीमुळे दारातच अडकली.

"बघा कसा बसलाय," ती तिथूनच चित्राकडे बघत म्हणाली. "वारा फिरून घरात अडकला की हेच तोंड बघते मी."

सगळे मागे सरकत दारापाशी गेले, आणि तिथून हुबेहूब तोर्गेइर दिसताच एकेक जण हसू लागला. एलर्ट मात्र हातोडी घेऊन भिंतीकडे गेला. होडीला ठोकतात तसला तांब्याचा खिळा त्याने चित्रासाठी स्वतः ठोकला.

"भिंत पडेल एक वेळ," तो लेकीला म्हणाला, "पण हा निघायचा नाही."