नाव न सांगणाऱ्या नलूताई

नलूताई हरवलेल्या मुलाचं नाव माईकवर कधीच सांगत नसत. अनंत चतुर्दशीला भोपाळच्या तलावाच्या घाटावर होमगार्डचा तंबू लागे. त्या खुर्चीच्या कडेला टेकून माईक हातात घेत आणि फक्त कपडे सांगत. "लाल शर्टवाला एक छोटा बच्चा हमारे पास है. घबराइए मत, मंच के बाजू में आइए." मुलाने नाव केव्हाच सांगितलेलं असे, पण ते त्या स्वतःजवळ ठेवत. आलेल्या माणसाने ते आपणहून सांगितलं आणि त्याला बघून मूल सैलावलं, तरच मूल त्याच्या हाती जाई. "नाव माईकवर गेलं की ते सगळ्या घाटाचं होतं," त्या म्हणत. "मग कोणीही येईल आणि म्हणेल, हाच आमचा राजू."

माझी त्यांची पहिली भेट याच तंबूत झाली. माझा रोहन तेव्हा बालवाडीत होता. मिरवणुकीत माझा हात सुटला आणि तो दिसेनासा झाला. लाल शर्ट ऐकून मी धावत पोचलो, तर खाकी वर्दीतल्या एका ठेंगण्या बाईने मला टेबलाच्या अलीकडेच थांबवलं. मुलाचं नाव, आईचं नाव, सकाळी काय खाल्लं, शाळेत कोणत्या बाई शिकवतात, सगळं हिंदीत विचारलं. पलीकडे रोहन पार्लेचं बिस्किट खात बसलेला मला दिसत होता.

"एवढी चौकशी! मी काय रेशनकार्ड काढायला आलोय?" मी मराठीत पुटपुटलो.

"रेशनकार्डाला चौकशी लागते, मग मुलाला नको?" त्या तितक्याच शांतपणे मराठीत म्हणाल्या. "शाळेतल्या बाईंचं नाव आलं नाही तुम्हाला. पण तो तुम्हाला बघून हसला, म्हणून देते. आणि चिडू नका हो. एवढाच राग असेल तर पुढच्या वर्षी इथे येऊन उभे राहा."

मी खरंच गेलो. लोकांना वाटलं, समाजसेवेची हौस आली. खरं कारण वेगळं होतं. रोहनचा हात सुटला तेव्हा मी फोनवर बोलत होतो, आणि हे मी घरी कधीच सांगितलं नव्हतं.

नलूताई भोपाळमध्येच जन्मलेल्या. वडील नागपूरचे, सरकारी कचेरीबरोबर इकडे आलेले कारकून. ताई अवधपुरीजवळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये होत्या. होमगार्डमध्ये बायकांची तुकडी नवीन होती तेव्हा त्यांनी नाव दिलं. त्या काळचं त्या फार रंगवून सांगत. रविवारी परेड, परेडनंतर चहा-समोसा, आणि वर्षातून एकदा सव्वीस जानेवारीला पांढरे मोजे घालून चालणं. "आम्हाला शोभेला ठेवलेलं होतं रे," त्या हसत. "मग एकदा मेळ्यात बायकांच्या रांगेत धक्काबुक्की झाली. शिपाई लोक हात लावायला घाबरायला लागले. साहेब ओरडले, अरे, वो लेडीज़ लोग कहाँ हैं? त्या दिवसापासून आमची आठवण यायला लागली."

पुढे सगळंच बदलत गेलं. आमच्यासारखे नोकरी सांभाळून सणाला येणारे कमी होत गेले. ज्यांचं घरच या ड्यूटीवर चालतं असे लोक वाढले. मग बोटी आल्या, लाइफ जॅकेट आली, पुरात माणसं काढायचं प्रशिक्षण आलं. मंडीदीपला ऑफिसात आकडेमोड करणारा मी, ताईंच्या शेजारी दोर फेकायला शिकलो. दोर माझ्याच पायात अडकला तेव्हा सगळी रांग हसली. ताई म्हणाल्या, "हसा, हसा. बुडणारा माणूस सुहासच्याच नशिबी येणार आहे, बघा."

गर्दीशी त्यांचं वागणं वेगळंच होतं. शिट्टी त्या क्वचितच वाजवत. धक्का देणाऱ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून विचारत, "कहाँ से आए हो, बेटा? अयोध्या नगर? किस गली में?" पोरगं बोलायला लागे आणि ढकलायचं विसरे. "गर्दी म्हणजे काय? ओळख न विचारलेली माणसं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ड्यूटीवर मात्र त्यांचा शब्द शेवटचा. सीनियर माईकवर असताना मध्ये बोलायचं नाही, ही आमच्या तंबूची रीतच होती. कोणी ती घालून दिली माहीत नाही. आम्ही सगळे ती फार प्रेमाने पाळत होतो.

यजमान गेल्यावर ताई एकट्या राहत. मुलगा शहराच्या कडेला, मिसरोदला. तो बोलवत असे, त्या जात नसत. "साठीपर्यंत उभं राहायचं, मग वर्दी जमा करायची आणि गुपचूप नातवाच्या मागे धावायचं," असा त्यांचा हिशोब. ती वर्दी त्या स्वतः धूत, स्वतः इस्त्री करत. दुपट्टा कधी चुरगळलेला चाले, पण वर्दीला सुरकुती चालत नसे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर त्यांच्या आयुष्यात तेवढंच एक दार उघडं राहिलं होतं.

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. माझ्या ते आधी लक्षात आलं. समोरचा सिग्नल पडला का, असं त्या सहज विचारल्यासारखं विचारायच्या. टोपीचा बिल्ला त्यांनी एकदा माझ्याकडून शिवून घेतला.

"ताई, डॉक्टरला दाखवा."

"दाखवते ना. पण आत्ता दाखवलं तर अनफिटचा शिक्का मारतील आणि गणपती जातील माझे. विसर्जन होऊ दे."

"ठीक आहे," मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो! त्यांच्याशिवायचा घाट मला नको होता, म्हणून म्हणालो.

त्या वर्षी उजेड जरा लवकरच मावळला. घाटावर पिवळे दिवे लागले होते. एक मुलगी रडत रडत तंबूत आणली गेली. ताईंनी तिला मांडीवर घेतलं, नाव काढून घेतलं, पाणी पाजलं आणि माईक उचलला. "हरी फ्रॉक पहने एक बच्ची हमारे पास है."

फ्रॉक निळा होता. मी हातभर अंतरावर उभा होतो. मला स्पष्ट दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माईकवर ताई होत्या. त्यांना भर घाटावर, सगळ्या तुकडीसमोर, "ताई, निळा" म्हणणं माझ्याने झालं नाही. मला वाटलं, माईक खाली ठेवतील तेव्हा कानात सांगू. पण त्या पुन्हा तेच बोलल्या, आणि पुन्हा.

मुलीची आई तंबूपासून फार लांब नव्हती. तिने हिरवा फ्रॉक ऐकला, ही आपली नाही असं समजून ती दुसऱ्या दिशेने धावली. शेवटी तिला वाटलं, मूल पाण्यात गेलं. ती साडीसकट पाण्यात शिरली. आमच्याच बोटीवरच्या लोकांनी तिला बाहेर काढलं. ती जिवंत होती, शुद्धीवर होती. तिला तंबूत आणलं तेव्हा मुलगी ताईंच्या मांडीवरून उठून धावली. ताईंनी फ्रॉक डोळ्यांजवळ धरून पाहिला नाही. त्यांना कळलं होतं.

त्या आईने काही तक्रार केली नाही. उलट सगळ्यांच्या पाया पडत होती. ताई तिला म्हणत होत्या, "मेरे पाँव मत पड़ो, बहन. मेरे मत पड़ो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्दी, बेल्ट, टोपी नेऊन जमा केली. कमांडंट साहेब चांगले होते. म्हणाले, ऑपरेशन करून घ्या, अजून दीड-दोन वर्षं राहिलीत तुमची, परत या. ऑपरेशन झालं, दृष्टी लख्ख आली, आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या.

पुढच्या श्रावणात मी मिसरोदला गेलो. त्यांनी पोहे केले, वर भरपूर शेव घातली. मी मनाशी ठरवून गेलो होतो.

"ताई, आता दिसतंय ना तुम्हाला. चला ना परत."

"दिसतंय म्हणून तर नाही येत," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्या बाईचा चेहरा मला धूसर दिसला होता. आता रोज स्पष्ट दिसतो."

मी बशी खाली ठेवली. "ताई, फ्रॉक निळा होता हे मला दिसलं होतं."

"माहीत आहे मला."

"माहीत आहे?"

"तू बाजूलाच होतास की. तोंड उघडलंस तेही कळलं. मी माईक खाली ठेवला नाही, कारण मला वाटलं, काही असतं तर सुहास बोलला असता." मग त्यांनी विचारलं, "आता माईकवर कोण असतं?"

"मीच."

"आणि बाजूला?"

"रईसभाई. टेम्पो चालवतात."

"ते तुला टोकतात?"

"नाही."

"मग त्यांना शिकव. मी तुला शिकवलं नाही, हे माझं राहिलं. आवडायचं मला, कोणी मध्ये बोलत नाही ते."

एवढंच बोलणं झालं. नातू आला, त्यांनी त्याच्या ताटात पोहे वाढले, विषय संपला. त्या हिवाळ्यात झोपेतच त्या गेल्या. त्यांना नेलं तेव्हा आमच्या तुकडीतले आम्ही काही जण गेलो होतो. सरकारी मान वगैरे काही नसतो आमच्यासाठी. आम्ही आपणहून रांगेत उभे राहिलो, इतकंच.

त्यांनी सांगितलेलं काम मात्र अजून माझ्याने पुरं झालेलं नाही. दर वर्षी ड्यूटीच्या आधी मी रईसभाईंना सांगतो की माझं काही चुकलं तर तिथेच, सगळ्यांदेखत बोला. ते तोंडातलं पान गालात सारून हसतात. "अमां, आप भी! आप सीनियर हैं. आप बोल रहे हैं तो ठीक ही होगा." त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल तेच प्रेम असतं जे माझ्या डोळ्यांत ताईंबद्दल होतं. मला त्याची भीती वाटते.

म्हणून अलीकडे मीच करतो. मूल आलं की माईक उचलतो, तोंडाशी नेतो, आणि बोलण्याआधी वळून विचारतो, "रईसभाई, बताइए, क्या दिख रहा है आपको?" माईक चालूच असतो. सगळा घाट ऐकतो, मागची पोरं हसतात, की याला स्वतःला दिसत नाही का. दर वेळी मला कसंतरी होतं. दर वेळी विचारतो.