अठ्ठेचाळीस ठोके

शनिवार, ११ सप्टेंबर १९४८. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि हरणाबाई स्टुलावर उभ्या राहून घंटेच्या आसाला एरंडेल लावत होत्या. वय ऐंशी. स्टूल शेजारच्या सिताबाईनं दोन्ही हातांनी धरलं होतं.

"पाळकीणबाई, उतरा की आता. पडलात तर तुमचे ऐंशी ठोके मलाच द्यावे लागतील. मला विसाच्या पुढं मोजता येत न्हाय."

"मग चार येळा वीस मोज," हरणाबाई म्हणाल्या आणि बोळा पुन्हा तेलात बुडवला.

नळदुर्गापासून दोन कोसांवर, माळाच्या कडेला ही आळी होती. एकतीस घरं, एक लहान ल्यूथरन ख्रिस्ती देऊळ, आणि त्याच्या अंगणात सागवानी चौकटीला टांगलेली घंटा. घंटा १९०४ साली आली. तेव्हापासूनची रीत अशी, की मंडळीतलं कुणी गेलं की गेलेल्याच्या वयाइतके ठोके द्यायचे. शेतात, विहिरीवर, जिथं असेल तिथं माणूस हातातलं काम सोडून मोजायला लागे. आकडा संपला की कोण गेलं हे कळायचं, आणि सगळी आळी देवळाकडं निघायची. निरोप्याची गरज पडत नसे.

आकड्यावरून माणूस ओळखता येई, कारण वर्षाच्या पहिल्या रविवारी हरणाबाई मंडळीची सगळी यादी वाचून दाखवत, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, नाव आणि वय. पती महालिंगप्पा या देवळाचे पाळक, म्हणजे धर्मगुरू; ते १९२९ साली वारले. यादी वाचण्याचं काम तेव्हापासून त्यांच्याकडं होतं. एका जागी मात्र त्या दर वर्षी थांबत. १९०० साली जन्मलेलं मंडळीत कुणीच नव्हतं. त्या दुष्काळी वर्षाची चार बाळं होती, चारही गेली. चौथं त्यांचं स्वतःचं होतं. त्या जागी त्या एक श्वास घेत आणि पुढचं नाव वाचत. पोरासोरांनाही तो थांबा माहीत होता. यंदा तो अठ्ठेचाळीसवर आला होता.

त्या मूळच्या बेंबळीच्या धनगरांच्या. आठव्या वर्षी दुष्काळात आईबाप आणि मेंढरं एका महिन्यात गेली. चुलत्यानं सोलापूरच्या अनाथाश्रमाच्या दारात सोडलं. तिथं अक्षर शिकल्या, बाप्तिस्मा घेतला, सतराव्या वर्षी महालिंगप्पांशी लग्न करून या माळावर आल्या. आळीतल्या निम्म्या लोकांची नाळ त्यांनीच कापली होती. स्वभाव गोड नव्हता. गुंडाप्पानं तरणेपणी शेजाऱ्याची शेळी आपली म्हणून सांगितली, तेव्हा त्याच्या लग्नात सगळ्या वऱ्हाडासमोर त्यांनी त्याच्याकडून आठवी आज्ञा म्हणवून घेतली होती: खोटी साक्ष देऊ नको. गुंडाप्पा आता साठीचा. अजून त्यांना बघितलं की धोतर सारखं करायचा.

हा गुंडाप्पा आणि आळीतली दहा तरणी माणसं पाच दिवसांपासून बोरी नदीच्या घळीत लपून होती. वरच्या अंगाचा सरकारी करोडगिरी नाका, जकातीची चौकी, कुणीतरी जाळला होता. कुणी, ते आळीला माहीत नव्हतं. पण अकरा नावांची यादी झाली होती आणि ती सगळी याच आळीतली होती. शेजारच्या गावातून अशाच यादीतले चौघे नेले होते. त्यांचे फक्त जोडे परत आले.

नवे पाळक जूनपासून सोलापूरला अडकलेले. रस्ता बंद. चार दिवस माळावर एकही गाडी दिसली नव्हती. कुत्री सुद्धा आळीच्या आतल्या अंगाला निजायला लागली होती.

दहा वाजता मोटार आली. हत्यारबंद आठ माणसं उतरली. त्यांचा म्होरक्या, ज्याला बाकीचे जमादार म्हणत होते, तो शांत आवाजाचा होता. त्यानं घरं उलथीपालथी केली नाहीत. सरळ देवळाच्या अंगणात आला, घंटेला बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि विचारलं,

"अम्मा, ही कोण वाजवतं?"

"म्याच."

"कुणी मेलं की सगळे जमतात म्हणे. खरं?"

त्याच्या मागं उभ्या असलेल्या एका माणसानं खाली बघितलं. तो पलीकडच्या गावचा होता. आळीत दूध घालायला यायचा.

"खरं हाय," हरणाबाई म्हणाल्या.

"मग वाजवा. मयताची."

"मयत न्हाय कुणाचं."

"पाहिजे का?" जमादारानं विचारलं, आणि सिताबाईकडं बघितलं. सिताबाई भिंतीला टेकली.

हरणाबाईंनी दोर हातात घेतला. घळ इथून पाव कोस. वारा नदीकडं होता. ठोका स्वच्छ ऐकू जाणार. कितीवर थांबलं तर कोण उठेल, हे त्यांना तोंडपाठ होतं. एकोणीसवर थांबलं तर एकोणीस वर्षांच्या अयोध्याचा नवरा धावत येईल. तेहतीसवर दोघं. सत्तेचाळीसवर सगळ्यात वाईट. सत्तेचाळीसची उमाबाई आठ दिवस तापानं फणफणली होती, तिचे तिन्ही लेक घळीत होते आणि आई आज जाते की उद्या, याच धास्तीत होते. एकच जागा रिकामी होती, आणि ती उमाबाईच्या पुढच्या ठोक्यावर होती.

त्यांनी पहिला ठोका दिला.

घंटा जड होती. मयताचा ठोका एकेक, मधे सावकाश तीन श्वास. पंधरापर्यंत जमादार बिडी ओढत उभा होता. विसाला त्यानं माणसं भिंतीआड बसवली. तिसाला हरणाबाईंचा उजवा खांदा बधिर झाला. त्यांनी दोर डाव्या हाताला गुंडाळला. आळीतली सगळी दारं बंद होती. दारांमागं मोजणं चाललं असणार.

एकोणचाळीस. चाळीस. सिताबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होती. तिचं मोजणं कधीच चुकलं होतं.

चव्वेचाळिसाव्या ठोक्याला दोर हातातून निसटला. त्यांनी तो परत धरला. पंचेचाळीस. सेहेचाळीस. सत्तेचाळीस.

"बस," जमादार म्हणाला आणि त्यानं दोरावर हात ठेवला. "पुरे झालं."

एक श्वास गेला. दुसरा.

"मयताचं वय अर्धं सोडता येत न्हाय," हरणाबाई म्हणाल्या. "मधी तोडलं तर कुणी यायचं न्हाय. इचारा तुमच्या माणसाला."

दूधवाल्यानं मान वर केली नाही. "व्हय," एवढंच म्हणाला.

जमादारानं हात काढला. सहाव्या श्वासाला अठ्ठेचाळिसावा ठोका पडला. हरणाबाईंनी दोर सोडला आणि ओट्यावर बसल्या.

मग कुणीच आलं नाही. पाव तास गेला, अर्धा गेला. आळीतलं एकही दार उघडलं नाही. भिंतीआडच्या माणसांना ऊन लागायला लागलं. मोटारीच्या टपावर दोन कावळे येऊन बसले. जमादारानं घड्याळ बघितलं, मग हरणाबाईंकडं.

"कोण मेलं, अम्मा?"

"माझा ल्योक."

"कधी?"

"एकोणीसशे साली. तवा घंटा नव्हती. त्याचे ठोके ऱ्हायले होते."

जमादारानं घड्याळ खिशात टाकलं. रागावल्यासारखा दिसत नव्हता, आणि सिताबाईला तेच जास्त वाईट वाटलं. त्यानं एका माणसाला खूण केली. त्या माणसानं सुऱ्यानं दोर आसापासून कापला, वेटोळं करून मोटारीत टाकला.

"उद्या इतवार," जमादार म्हणाला. "उद्या तर सगळे येतातच ना? आम्हीपण येऊ."

मोटार गेली. धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही.

दिवेलागणीच्या आधी सिताबाई गवताचा भारा घेऊन घळीत जाऊन आली. सत्तेचाळिसावर थोडी जास्त शांतता झाली तेव्हा उमाबाईचा थोरला लेक काठ चढून वर गेला होता. दोघांनी त्याचे पाय धरले होते. मग पुढचा ठोका आला.

"गुंडाप्पा काय म्हणाला?" हरणाबाईंनी विचारलं.

"म्हणाला, अठ्ठेचाळीसचं आपल्यात कुणी न्हाय. बसा खाली. बाई खोटं वाजवत न्हाईत, मंजी काहीतरी सांगत्यात." सिताबाईनं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आन् धोतर सारखं केलं, घळीतसुद्धा."

"उद्या काही झालं तरी वर यायचं न्हाय म्हणून सांगितलंस?"

"तीनदा सांगितलं. पण तुम्ही उद्या घंटा देऊच नका. त्यो येणार हाय."

"रविवारची घंटा चुकवली तर ती माणसं घळीत काय समजतील? मी गेले म्हणून समजतील. मग येतीलच."

 सिताबाईनं गोठ्यात जाऊन गाईचं दावं सोडून आणलं, स्टूल पुन्हा घंटेखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरलं. हरणाबाई वर चढल्या. उजवा हात खांद्यावर जात नव्हता. डाव्या हातानं त्यांनी दावं आसाला बांधलं, दोनदा ओढून बघितलं.

उपासना आठ वाजता असते. पहिली घंटा साडेसातला, दर रविवारचे बारा ठोके.