गडसबे यांची बंदूक

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आमच्या गावच्या शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींचा. घरातला मी पहिला पदवीधर. इंग्रजी अक्षर मला दाखवलं ते त्यांनी. त्याच जोरावर एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमारास मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत कारकून झालो आणि बंदुकांच्या परवान्यांचं टेबल माझ्याकडे आलं.

जुन्या विलायती बंदुकांच्या नळीवर बनवणाऱ्याचं आडनाव कोरलेलं असे. आमच्या रजिस्टरात उतरता उतरता हे गोरे साहेब पुरते नगरी झाले होते. कुणी हार्टवेल 'हातवळे' होऊन बसला होता. मी टेबलाशी एकटाच हसायचो.

तपासणीला श्रीगोंद्याकडचे एक म्हातारे शेतकरी आले. बनवणाऱ्याचं नाव परवान्यावर 'गडसबे', रजिस्टरात 'गाडेसाब', आणि नळीवर ना नाव दिसे ना नंबर. बंदूक पटत नाही, ठाण्यात जमा करा, असं अव्वल कारकून म्हणाले. बाबांचा चेहरा उतरला. त्यांच्या उसात रोज रानडुकरं शिरत होती.

मी नळी उन्हात धरली. दर खंडेनवमीच्या पूजेचं हळदकुंकू तेलात बसून अक्षरांत पार दगड झालं होतं. आधीच्या कारकुनांनी दिसलं तेवढं वाचलं होतं, बाकीचं मनानं भरलं होतं. मी रॉकेलचा बोळा घेतला, तशी बाबांनी बंदूक छातीशी धरली.

"कुंकू पुसायचं न्हाई."

पुसलं की लगेच नवं लावू, असं मी म्हणालो. शिपायानं कचेरीतल्या गणपतीपुढचा करंडा आणून ठेवला. बाबांनी बराच विचार केला.

"पुसा मग. पर मधी कुनी शिंकू नका."

सगळी कचेरी श्वास रोखून उभी राहिली. आधी नंबर उघडा पडला. तो दोन्ही कागदांशी जुळला. मग नाव आलं, गॅड्सबी. अव्वल कारकूनच आधी हसले, मग कुणालाच आवरेना. बाबा तेवढे कुंकू लावता लावता हिरमुसले. "मी आपला इतकी वर्सं इचारत हुतो, ह्या गडसब्यांचं गाव कोंचं म्हून."

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं:

"तीर्थस्वरूप गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार. आपण शिकवलेल्या अक्षरांमुळे आज एका शेतकऱ्याची बंदूक ठाण्यात न जाता घरी गेली. अव्वल कारकुनांनी बंदुकीवरच्या साहेबाच्या नावाचा उच्चार विचारला, तेव्हा मी 'गॅड्सबी' असं ठणकावून सांगितलं आणि वर आपला दाखला दिला. खरं म्हणजे मला माहीत नाही. रजिस्टरात ते पेन्सिलीनं लिहिलं आहे. चूक असल्यास उलट टपाली कळवावं. तोवर शाई फिरवत नाही."