रिळाच्या शेवटचा ठिपका

मी चौथी शिकलेला माणूस. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तरी घाटकोपरच्या आमच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळी जे जुने काळेपांढरे इंग्रजी पिक्चर लागायचे, ते मीच दाखवायचो. माझ्या हातून पडदा कधी पांढरा पडला नाही, हे मी चारचौघांत ठणकावून सांगायचो. ऐंशीनंतर घरोघरी व्हिडिओ आला, हॉल ओस पडू लागला, पण त्या खेळाची माणसं ठरलेली. बँकेतून रिटायर झालेले म्हातारे, कॉलेजची पोरं, आणि एक पारशी बाई थर्मास घेऊन, कायम त्याच खुर्चीवर.

काम असं असतं. अख्खा पिक्चर एका रिळात मावत नाही, म्हणून मशीन दोन. रीळ संपत आलं की पडद्यावर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका येतो, आला म्हणेपर्यंत गेलेला. तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. थोड्या वेळानं दुसरा ठिपका दिसला की ह्याचं झाकण बंद, त्याचं उघडं. खाली बसलेल्याला पत्ता लागता कामा नये.

मला ते ठिपके दिसेनासे झाले होते.

आधी वाटलं, मशीनमधल्या जळत्या कार्बनकांड्यांच्या उजेडानं डोळे शिणतात. मग कोपरा धूसर झाला, मग पडदाच दुधात बुडवल्यासारखा दिसायला लागला. माझं वय चोपन्न. घरात बायको आणि लग्नाच्या दोन मुली. दुसरं काम मला येत नव्हतं, आणि ज्याला दिसत नाही त्या ऑपरेटरला कोण ठेवणार? म्हणून मी कोणाला बोललो नाही. हिंदी पिक्चरचे डायलॉग चार खेळांत पाठ व्हायचे, त्यावर भागायचं. इंग्रजीचे मी आवाज पाठ करायचो. शनिवारी रिकाम्या हॉलमध्ये रिळं चालवायची आणि संपता संपता काय ऐकू येतं ते डोक्यात धरून ठेवायचं. इथे बाई हसते, इथे दार आपटतं, इथे घोडागाडीची घंटा.

माझा जोडीदार ऑपरेटर माहुलचा कोळी. त्याला संशय आला असणार.

"दादूस, डोले का पुसतंस सारखे? कांदा कापलास काय?"

"तू तुझं मशीन पुस," मी म्हणायचो.

एका रविवारी पिक्चरची प्रिंट, म्हणजे रिळांचे डबे, खेळाच्या जेमतेम अर्धा तास आधी पोचली. पिक्चर जुनाच, वर्षापूर्वी येऊन गेलेला. जोडीदार म्हणाला, "रिळांची टोकं तरी बघूया, दादूस. प्रिंट लय फिरून आली हाय."

"मला पाठ आहे हा. बस गप."

दोन रिळं झकास गेली. तिसऱ्याच्या शेवटी घोडागाडीची घंटा यायची होती. मी हँडलवर हात ठेवून उभा. बाई बोलत होती, पुरुष बोलत होता. घंटा आली नाही. मी म्हटलं, येईल. तेवढ्यात रिळाचं शेपूट फटफट वाजायला लागलं, पडदा पांढरा पडला आणि खालून आरडाओरडा उठला. शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. "ए ऑपरेटर, मेलास काय रे!" घाईत मला दुसऱ्या मशीनचं बटण सापडेना. जोडीदारानं मला बाजूला ढकललं आणि चालू केलं.

मॅनेजर धापा टाकत वर आला. माझ्यापेक्षा लहान, पण मला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"काका, काय झालं?"

"प्रिंट कापलेली आहे," मी म्हटलं. नुसतं तोंडाला आलं म्हणून म्हटलं.

त्यानं संपलेल्या रिळाचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ बघत राहिला. मग माझ्या हातात दिलं. "बघा बरं. ठिपका आहे?"

माझ्यापुढे एक काळी पट्टी होती, बस. मला वाटलं, हा माझी परीक्षा घेतोय. नाही म्हणालो तर म्हणेल, दिसत नाही. ठिपका कुठे असतो ते मला माहीत होतंच. वरच्या उजव्या कोपऱ्यावर नख ठेवलं.

"हा काय! चांगला ढळढळीत आहे."

मॅनेजरनं पट्टी माझ्या हातातून काढून घेतली.

"काका," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "इथे ठिपका नाहीच. कोणीतरी टोकच कापून टाकलंय. तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी प्रिंटवाल्यावर ओरडणार होतो."

खरं तेच मी बोललो होतो, आणि माझ्याच नखानं खोटं पाडलं.

"अजून चार रिळं आहेत," मी म्हटलं आणि मशीनचं हँडल धरलं. मॅनेजर म्हणाला, डॉक्टरला डोळे दाखवून चिठ्ठी आणा, तोवर जागा ठेवतो. मी म्हटलं, मला दिसतंय. सोडायला तयार नव्हतो. शेवटी जोडीदारानं माझी बोटं एकेक करून सोडवली. "सोड रे दादूस, सोड," तो म्हणत होता.

घरी बायकोला सांगावंच लागलं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुमका दिसना नाय ता माका ठावक होता. त्या मॅनेजराक सांगूक काय झाला होता?"

"दिसतंय मला!" मी ओरडलो.

आठ महिने मी दवाखान्याची पायरी चढलो नाही. बायको लोकांचे पापड लाटायची, मोठी मुलगी कारखान्यात जायला लागली, आणि मी भिंतीला टेकून बसून असायचो. एकदा भरलेल्या तांब्याला पाय लागला, घरभर पाणी झालं, तेव्हा बायकोनं हात धरून दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर भिंतीवरची मुंगी दिसली.

चिठ्ठी घेऊन मी टॉकीजवर गेलो. माझ्या मशीनवर मुलुंडचा कोणी नवा माणूस होता. रविवारचा इंग्रजी खेळ बंदच झाला होता. मॅनेजरनं चिठ्ठी वाचली, घडी घालून परत दिली.

"काका, तेव्हाच दाखवले असतेत डोळे, तर जागा होती हो."

"तेव्हा मला दिसत होतं," मी म्हटलं आणि जिना उतरलो.