हव्वाचं नाव

काळेवाडीत नजमुन्निसाची खानावळ आहे, आणि खानावळीपेक्षा तिचं तोंड जास्त प्रसिद्ध आहे. डबा अर्धा परत आला की खाणाऱ्याची काही खैर नसते. ती मूळची चाकणची. नवरा वजीर ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. तिच्या शिव्या आणि पोळ्या खाऊन कितीतरी पोरं इंजिनिअर झाली, पण तिचा जीव जडला तो इख्लासवर. ही सुदानची मुलगी, ताथवड्याच्या कॉलेजात शिकणारी. पहिल्याच दिवशी रस्सा चाखून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुरतं बिनतिखटाचं वेगळं पातेलं चुलीवर चढायला लागलं. वजीरचं पोट बिघडलं तरी असले लाड कधी झाले नव्हते.

इख्लासची आई हव्वा अल फाशर शहरात होती. बंदूकवाल्यांनी त्या शहराला वर्षाहून जास्त वेढा घातला. माणसं गुरांची पेंड खाऊन जगली. मग शहर पडलं आणि कत्तली सुरू झाल्या. जगातल्या मोठ्या देशांनी तीव्र चिंता व्यक्त केली. चिंता काय, शेजारची शालनबाईसुद्धा नळाला पाणी येईपर्यंत रोज व्यक्त करते. हव्वाचा फोन तेव्हापासून बंद होता. इख्लास जेवायला बसली की मोबाइल ताटाशेजारी ठेवायची, आणि घास हातातच राहायचा.

अशात शब-ए-बरात आली. त्या दिवशी नजमुन्निसाच्या घरी हलवा करून गेलेल्या माणसांच्या नावानं फातिहा देतात. घरची बाई नावं सांगते, पुरुष त्यांच्यासाठी कुराणातली प्रार्थना वाचतो. दुपार कलल्यावर ऊद लावून दोघं बसली. नजमुन्निसानं सासू, सासरे, आपली आई अशी नावं घेतली आणि त्याच ओघात म्हणाली, "आणि हव्वा. आपल्या इख्लासची अम्मी." मनात वाईट काहीच नव्हतं. त्या बिचारीसाठी तिथं कोण वाचणार, एवढंच तिला वाटलं होतं. मायेला कधीकधी अक्कल नसते, ती अशी.

इख्लास डबा न्यायला दारात येऊन उभी होती. तिला कामापुरती हिंदी येत होती, आणि एवढं समजायला तेवढी पुरेशी होती.

"ती मेली म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बेटा, इतके महिने झाले, काही खबर नाही..."

"माझी आई जिवंत आहे. तुम्ही मारलंत तिला. इथं बसून मारलंत."

ती डबा न घेताच गेली. नजमुन्निसाच्या हातातला हलवा तसाच राहिला. आता तोंडातून गेलेलं नाव माघारी कसं घ्यायचं, असं तिनं वजीरला विचारलं. वजीरला इंजिन उघडून परत बसवता यायचं. याला त्याच्याकडे पाना नव्हता.

"अवं, मग जावा की तिच्या खोलीवर," शालनबाई म्हणाली. "चुकलं म्हनायला कमीपना कसला?"

नजमुन्निसा गेली. दार उघडलं नाही. ती रोज डबा कडीला अडकवून यायची आणि संध्याकाळी भरलेलाच परत न्यायची. आयुष्यात पहिल्यांदा परत आलेल्या डब्यावर ती एक शब्द बोलली नाही. पोरगी काय खात असेल, या विचारानं तिलाच जेवण जाईना.

मग एका दुपारी इख्लास आपणहून आली. चेहरा उतरलेला, गालफडं बसलेली. कत्तलीत मेलेल्या, हरवलेल्या माणसांच्या नातलगांच्या साक्षी गोळा करणारी परदेशातली माणसं तिला व्हिडिओ कॉल करणार होती. पुढेमागे खटला उभा राहिला तर त्या कामी येतील म्हणे. एकटीनं बोलायची तिची छाती होत नव्हती.

"खाला, माझ्याजवळ बसाल?"

नजमुन्निसा पिठाच्या हातांनीच बसली.

पडद्यावर एक बाई अरबीत विचारत होती. इख्लास सांगत होती. नजमुन्निसाला त्यातली फक्त नावं कळत होती. आदम, कल्तूम, इशाक, मरियम. ही नावं तिच्या शहरातल्या मेलेल्यांची आहेत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. आवाज एका पट्टीत चालला होता. मग त्या बाईनं काहीतरी विचारलं, त्यात "हव्वा" आलं, आणि इख्लासचा आवाजच बंद झाला.

प्रश्न काय असणार, ते नजमुन्निसाला कळलं. तिनं मोबाइल आपल्याकडे ओढला आणि गिऱ्हाइकावर ओरडावं तशी त्या बाईवर ओरडली, "हव्वा मेलेली नाही! सापडत नाही, असं लिहा. आणि नुसतं लिहून बसू नका, बाई. शोधा तिला!"

पडद्यावरची बाई गोंधळून बघत राहिली.

इख्लासनं ते सगळं, अगदी त्याच तावात, अरबीत सांगितलं. आणि मग नजमुन्निसाच्या मांडीवर डोकं ठेवून इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली.